टाइल्स छान आहेत, इतिवृत्त कुठंय?

रिसेलचा फ्लॅट बघायला आलेलं मराठी कुटुंब जिन्यातच ओळखू येतं. बाबा नळ सोडून पाण्याचा जोर बघतात. आई ओट्याची दिशा बघते. मुलगा प्रत्येक खोलीत मोबाइल उंच धरून रेंज बघतो. आणि आजोबा भिंतीवर टिचकी मारून ‘जुनं बांधकाम आहे, भक्कम’ असं म्हणत दोन सेकंदांत स्ट्रक्चरल ऑडिट उरकतात. सगळं मिळून वीस मिनिटं. मग खाली टपरीवर चहा, आणि दुसऱ्या घोटाला एजंट विचारतो, ‘मग टोकन कधी करताय?’

हीच माणसं आंबे घेताना पेटीतला खालचा थर उचलून बघतात. ऐंशी-नव्वद लाखांच्या फ्लॅटला मात्र वरचा थर पुरतो.

रिसेलमध्ये विक्रेता देतो त्या चार भिंती. बाकी सगळं सोसायटीकडून येतं: लिफ्ट, गच्ची, पाण्याची टाकी, ड्रेनेज, बिल्डरशी चाललेला खटला, तळमजल्यावरच्या दुकानदाराशी चाललेला दुसरा खटला, आणि अध्यक्ष. यातलं काहीही वीस मिनिटांत दिसत नाही, कारण ते फ्लॅटमध्ये नसतंच. ते असतं सेक्रेटरींच्या घरी, लोखंडी कपाटात, आणि किल्ली नेमकी त्यांच्या मिसेसनी कुठंतरी ठेवलेली असते.

एजंटला कागद विचारा. त्याचं उत्तर पाठ असतं: ‘एनओसी मिळून जाईल साहेब, टेन्शन नाही.’ आता या एनओसीची गंमत बघा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये स्वच्छ लिहिलंय की फ्लॅटच्या हस्तांतरासाठी सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. कुणी मागितलंच तर कमिटीनं विचार करावा, इतकंच. पण कर्ज देणारी बँक ते मागते, त्यामुळे न लागणारा हा कागद राज्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद होऊन बसलाय. तो मिळवायला विक्रेता आठ दिवस कमिटीच्या मागे फिरतो, आणि एरवी पार्किंगच्या भांडणात ज्यांना कुणी विचारत नाही अशा खजिनदारांना त्या आठ दिवसांत एकदम प्रकृती, घराणं आणि मुलांची शिक्षणं विचारली जातात.

आणि मिळतो तेव्हा त्यात काय लिहिलेलं असतं? ‘सदर सदनिकाधारकाकडे आजअखेर सोसायटीची कोणतीही येणे बाकी नाही.’ आजअखेर! पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे, तिच्यात प्लंबिंग, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे दोन लाख काढायचा विषय आहे, हे एनओसीत येत नाही. यायचं कारणही नाही. ती कालपर्यंतचा हिशोब सांगते. उद्याचा हिशोब इतिवृत्ताच्या वहीत असतो. गेल्या सभेत ‘तत्त्वतः मंजूर’ म्हणून हात वर करणारे आपले विक्रेतेच होते. हात खाली आला आणि त्याच हातानं त्यांनी प्रॉपर्टीच्या साइटवर फोटो टाकले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. वर्गणी ठरायच्या आत सटकणं हे सहकाराचं अलिखित कलम आहे.

तेव्हा मागायची ती गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं. वाचायला मात्र सवय लागते, कारण सोसायटीच्या इतिवृत्ताची भाषा ही मराठी गद्याची वेगळीच शाखा आहे. ‘लिफ्टच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ म्हणजे भांडण झालं. ‘काही सभासदांनी शंका उपस्थित केल्या, त्यांचे समाधान करण्यात आले.’ म्हणजे त्यांना खाली बसवलं. ‘सर्वानुमते विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ म्हणजे पैसे नाहीत. एकच विषय तीन वर्षं ‘पुढील सभेत’ जात असेल, तर तो तुमच्या नावावर फ्लॅट झाल्यावरच्या पहिल्या सभेत येणार हे धरून चाला. ‘३०२ च्या बाथरूममधून २०२ मध्ये होणाऱ्या गळतीबाबत पत्र वाचून दाखवले’ अशी ओळ दिसली आणि तुम्ही २०२ घेत असाल, तर त्या घरात परत जाऊन वर बघा. सगळ्या घराचा रंग जुना आणि एका बाथरूमच्या छताचा तेवढा कोरा करकरीत असेल, तर ती सजावट तुमच्यासाठीच केलेली आहे. बाथरूम-संडासातून होणारी आतली गळती ही सभासदांनी आपापसात, आपल्या खर्चानं निस्तरायची, असं उपविधी सांगतात. म्हणजे ३०२ वाल्यांशी तुमची ओळख होणार, आणि ती गोड नसणार.

पण वही मागायला गेलात की खरी मेख कळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 सोसायटीचे कागद बघण्याचा हक्क देतो, तो सभासदाला. तुम्ही अजून सभासद नाही. सभासद व्हायला आधी फ्लॅट घ्यायचा. म्हणजे घेण्याआधी बघता येत नाही, आणि बघता यायला लागेपर्यंत घेऊन झालेलं असतं. इतकं निर्दोष कुलूप कुठल्या कारखान्यातसुद्धा बनत नाही.

कॅनडात ऑन्टारिओ नावाच्या प्रांतात, जिथं टोरंटो-मिसिसॉगाकडे आपली बरीच मंडळी आहेत, तिथं याच्यावर साधा इलाज केलाय. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट घ्यायचा असेल तर ‘स्टेटस सर्टिफिकेट’ मागायचं. कुणीही मागू शकतं. फी जास्तीत जास्त शंभर डॉलर, आणि दहा दिवसांत द्यावंच लागतं. त्यात विक्रेत्याची बाकी, यंदाचं बजेट, मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला निधी, चालू खटले, ठरलेली जादा वर्गणी आणि नियमावली असं सगळं असतं. सौद्याच्या कागदातच अट टाकतात की माझा वकील हे वाचून ‘ठीक’ म्हणाला तरच व्यवहार पक्का. गठ्ठा एवढा मोठा येतो की तिथले आपलेच लोक ‘कोण वाचत बसणार’ म्हणून सही करतात, ती गोष्ट वेगळी. पण न वाचण्याचा हक्क बजावण्यासाठीसुद्धा आधी कागद हातात यावा लागतो. आपल्याकडे तो येत नाही.

आपल्याकडे येतो तो ब्रोकरचा शब्द. ‘मेंटेनन्स अगदी कमी आहे, फक्त बाराशे.’ हे वाक्य ऐकून खरेदीदाराचा चेहरा खुलतो. खरं तर तिथंच त्याचा चेहरा पडायला हवा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडात फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दरवर्षी जमायला हवी, आणि दुरुस्ती-देखभाल निधीत निदान पाऊण टक्का. जमीन त्यात धरायची नाही. म्हणजे फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला दहा हजार, चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चार लाख, आणि वीस वर्षांत व्याज सोडून ऐंशी लाख. आता त्या सोसायटीचा ताळेबंद उघडा. दोन्ही निधींपुढे मिळून अडीच लाखांची मुदतठेव दिसेल. उरलेले पैसे कुणी खाल्ले असा लगेच संशय घेऊ नका. बहुतेक ठिकाणी ते गोळाच झालेले नसतात. वीस वर्षं सगळ्यांनी मिळून इमारतीकडून उधार घेतलं, त्याला ‘कमी मेंटेनन्स’ म्हणतात, आणि फेडायची पाळी आली की फ्लॅट रिसेलला निघतात.

ताळेबंदाच्या शेजारी जमाखर्चाचं पत्रक असतं, तेही बघा. पुण्याच्या कडेला, वाघोली-उंड्रीकडे फ्लॅट घेत असाल तर ‘पाणी टँकर’ ही ओळ शोधा. ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ असं एजंट म्हणाला होता, ते खोटं नव्हतं. टँकर अगदी वेळेवर येतो. त्याचे पैसे विजेच्या बिलापेक्षा जास्त आहेत, एवढंच सांगायचं राहिलं. ‘कायदेशीर खर्च’ ही ओळ दिसली तर आकडा मागच्या वर्षाच्या आकड्याशी ताडून बघा. वाढत असेल तर कुणाविरुद्ध आणि कशासाठी, ते विचारा. ‘सभासदांकडून येणे’ या रकमेत शून्यं जास्त असतील तर त्याचा अर्थ, चार जण भरत नाहीत आणि त्यांच्या वाटचं तुम्ही भरणार. थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा उपविधींत आहे. पण लावायचं कुणाला, माजी अध्यक्षांना?

ऑडिट रिपोर्ट ‘अ’ वर्गाचा असला तरी हुरळून जाऊ नका, ऑडिटर जिना चढून वर गेलेला नसतो. त्यापेक्षा त्यानं काढलेल्या चुकांवर सोसायटीनं ‘ओ’ नमुन्यात दिलेला दोषदुरुस्ती अहवाल मागा. दिलेलाच नसेल, तर तेही उत्तरच आहे. इमारत पंधरा वर्षांवर गेली की पाच वर्षांतून एकदा आणि तीसवर गेली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. हे मागितल्यावर सेक्रेटरी ‘आता पुनर्विकासालाच जाणार आहे ना’ असं म्हणाले, तर समजा की ऑडिट झालेलं नाही आणि पुनर्विकासही. ‘रीडेव्हलपमेंटला जाणार’ हे वाक्य सांगून मुंबईत आणि पुण्यात जेवढे जुने फ्लॅट चढ्या भावानं विकले गेले, तेवढ्या इमारती पाडायला या राज्यातले बुलडोझर पुरायचे नाहीत. विचारायचं एवढंच: सर्वसाधारण सभेचा ठराव कुठंय, आणि त्याच्या आधीचा प्रश्न, जमीन कुणाच्या नावावर आहे?

जमिनीचा विषय निघाला की सोसायटीत शांतता पसरते. 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. हे भिजत घोंगडं राज्यात इतकं सर्वदूर पसरलं की शेवटी सरकारला 2008 मध्ये कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, तो दिल्यासारखं मानू. दिल्यासारखं मानायची सोय झाली, तरी असंख्य सोसायट्यांनी अर्जच केला नाही, कारण कागद गोळा कोण करणार? तेव्हा मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढा आणि नाव वाचा. तिथं अजून मूळ शेतकऱ्याचं कुटुंब किंवा बंद पडलेली बिल्डर फर्म नांदत असेल, तर तुमचा फ्लॅट सध्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभा आहे. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क यांचाही विचार ठेवा. एजंटला हे नेहमी रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी आठवतं.

भोगवटा प्रमाणपत्र नाही असं म्हटलं की लोक म्हणतात, ‘पंचवीस वर्षं राहतायत की सगळे, काय होतंय?’ वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले लोकही पंचवीसेक वर्षं राहतच होते. पाच मजल्यांची मंजुरी, आणि त्यावर एक इमारत वीस मजल्यांवर गेली. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये वरचे मजले बेकायदा ठरवले, आणि 2014 च्या जूनमध्ये महापालिकेचे लोक त्या मजल्यांचं पाणी, वीज, गॅस तोडायला दारात आले. त्या घरांत काहींनी फ्लॅट रिसेलमध्येच घेतलेले होते. टाइल्स छानच असणार.

पार्किंग. जाहिरातीत ‘१ कव्हर्ड पार्किंग’ असतं. प्रत्यक्षात स्टिल्टमध्ये खांबावर खडूनं नंबर लिहिलेला असतो. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय की स्टिल्टची जागा ही सामाईक, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. उपविधींप्रमाणे पार्किंग सोसायटी वाटून देते, गाड्या जास्त असतील तर सोडत काढते, आणि सभासदाला आपली जागा दुसऱ्याला विकता येत नाही. तेव्हा ‘पार्किंगचे वेगळे पाच लाख’ मागणाऱ्याला एवढंच विचारा की पाच लाखांची पावती कुणाच्या नावानं देणार? खडूच्या का?

पुण्यात आणखी एक प्रकार भेटतो. सोसायटीच नसते, ‘अपार्टमेंट’ असतं, म्हणजे 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कॉन्डोमिनियम. इथं शेअर सर्टिफिकेट मागितलंत तर लोक तुमच्याकडे दयेनं बघतील. इथं कागद दोन: इमारतीचं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, आणि तुमच्या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट. दुसरं सगळे बघतात, पहिलं कुणी उघडत नाही. ते साठ-सत्तर पानांचं असतं आणि मजा शेवटच्या परिशिष्टांत असते. सामाईक जागेत तुमचा हिस्सा किती टक्के, हे तिथं छापलेलं असतं, आणि खर्चाचा वाटा त्यावर ठरतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं, तसं इथं नाही. त्याच्याच पुढच्या पानावर ‘मर्यादित सामाईक जागा’ असते. तळमजल्यावरच्या ज्या बागेत तुम्ही मनातल्या मनात नातवाला फिरवलंत, ती १०१ च्या मालकांच्या एकट्यांच्या वापराची आहे आणि वरची गच्ची १००१ वाल्यांची, हे तिथं कळतं. आणखी खाली एखाद्या कलमात भविष्यात मिळणारा जादा एफएसआय बिल्डरनं स्वतःकडे ठेवलेला असतो. छपाई बारीक असते, चष्मा बरोबर न्या.

सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट हातात घ्या आणि लगेच उलटं करा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरं, शिक्का आणि पन्नास-पन्नास रुपयांचे पाच-दहा शेअर्स असतात. विक्रेते ती बाजू कौतुकानं दाखवतात. मागच्या बाजूला रेघा मारलेला तक्ता असतो: हस्तांतराची तारीख, कुणाकडून कुणाकडे, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. तिथल्या शेवटच्या ओळीत आपल्या विक्रेत्याचं नाव असायला हवं. पुष्कळदा तिथं चार मालकांपूर्वीच्या एका आजींचं नाव निघतं. मधल्या सगळ्यांनी फ्लॅट घेतला, राहिले, विकला, पण सभासद व्हायचं कुणाला सुचलं नाही. मग मधले करारनामे शोधणं आलं. त्यातला एक पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, न नोंदवलेला, आणि एक ‘प्रवासात गहाळ’. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. ही नोटीस अशा वर्तमानपत्रात छापतात जे हरकत घेऊ शकणारा कुणी वाचत नसतो.

आजींच्या जागी मुलाचं नाव ‘नॉमिनी म्हणून’ लागलेलं असेल तर जास्त सावध. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत महाराष्ट्रात भक्तिभावानं जपली जाते. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण इतर वारसांचे हक्क त्यानं मरत नाहीत; 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या वारसांचा दाव्याचा मार्ग खुलाच ठेवलाय. तेव्हा अमरावतीची बहीण आणि नाशिकचा भाऊ यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. ‘आमच्यात तसं काही नाही हो’ हे हक्कसोडपत्र होत नाही.

एवढं ऐकल्यावर बहुतेक जण म्हणतात, ‘पण बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद क्लिअर असणार.’ बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, तो बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. तुमच्या छतातून पाणी पडेल का, हा त्याचा विषय नाही. तो इतिवृत्त वाचत नाही, टँकरची ओळ बघत नाही. कर्ज बुडालं तर बँकेकडे फ्लॅट आहे, फ्लॅट बुडाला तर तुमच्याकडे कर्ज आहे.

हस्तांतर शुल्काचं जाता जाता सांगतो. महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा पंचवीस हजार, हे सरकारनं 2001 मध्येच ठरवून दिलंय. त्यावर पाचशे हस्तांतर फी आणि शंभर प्रवेश फी. याच्या वर जे काही ‘स्वेच्छेनं’ मागितलं जातं, त्यातल्या स्वेच्छेचा दर कमिटी ठरवते.

मग करायचं काय? कागद बघण्याचा हक्क तुम्हाला नाही, पण विक्रेत्याला आहे. तो अजून सभासद आहे. टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या की गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं, ताळेबंद, स्ट्रक्चरल ऑडिट, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचा उतारा यांच्या प्रती विक्रेता सोसायटीकडून काढून देईल, त्या वाचून व्यवहार पुढे जाईल, नाहीतर टोकन परत. एजंट म्हणेल, ‘एवढं कुणी मागत नाही साहेब, पार्टी हातातून जाईल.’ जाऊ दे. पार्टी गेली तर पंधरा दिवसांनी त्याच जाहिरातीत ‘भाव थोडा कमी होऊ शकतो’ अशी ओळ वाढलेली दिसेल.

क्वचित एखादा विक्रेता असाही भेटतो जो काही न बोलता आत जातो आणि जाडजूड फाइल घेऊन येतो. बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, मूळ करारनाम्यापासून परवाच्या मेंटेनन्सच्या पावतीपर्यंत तारखेवार, आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात अनुक्रमणिका. इतिवृत्तांवर पेन्सिलीनं खुणासुद्धा केलेल्या. अशा माणसाशी भावात फार घासाघीस करू नका. फक्त चहा पिता पिता एवढं विचारून घ्या, की तुमच्यासारखा माणूस ही सोसायटी सोडून का चाललाय?